तोळाभर कोबाल्ट : एका ब्लोडाऊन व्हॉल्व्हचं प्रकरण

डिसेंबरचा दुसरा आठवडा, ऐन गळीत हंगाम. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून फोन आला. "साहेब, सीबीडी परत पास व्हाया लागलंय. आज अकरावा दिवस." फोनवर हेड फिटर होते. ते वयानं माझ्याहून वडील, मी त्यांना मामा म्हणतो. ते मला साहेब म्हणतात. गेली काही वर्षं आमचा हा व्यवहार सुखानं चालला आहे.

सीबीडी म्हणजे कंटिन्युअस ब्लोडाऊन. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी उकळत राहतं, वाफ निघून जाते आणि क्षार मागे साठतात. ते वाढू नयेत म्हणून ड्रममधलं थोडं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं. त्यासाठी पंचवीस मिलिमीटरचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जेमतेम उघडा ठेवलेला. काम साधं, पण जागा वाईट. ४५ किलो दाबाच्या ड्रममधलं पाणी २५७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. सीट म्हणजे व्हॉल्व्हमधली स्थिर बैठक आणि डिस्क म्हणजे तिच्यावर टेकून पाणी अडवणारी चकती. या दोहोंच्या फटीतून पाणी पलीकडे गेलं की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या सुमारे ३० टक्के पाण्याची जागच्या जागी वाफ होते. ड्रममधल्या एका लिटर पाण्याचं बाहेर चारशे लिटरच्या घरात जाणारं वाफ-पाण्याचं मिश्रण होतं. एवढं सगळं त्या नखाएवढ्या फटीतून धावतं, आणि धावताना पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे धातूवर आपटत राहतात.

मूळ व्हॉल्व्हची बॉडी कार्बन स्टीलच्या कास्टिंगची, डब्ल्यूसीबी ग्रेडची. सीट रिंग आणि डिस्क यांच्या बसत्या तोंडांवर स्टेलाइट ६ या कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर. या जोडीनं पाच हंगाम काढले होते. सहाव्या हंगामाच्या सुरुवातीला ती पास होऊ लागली, म्हणजे पूर्ण बंद करूनही पाणी सुटू लागलं. कंपनीचा स्पेअर यायला सहा आठवडे लागणार होते. तेवढं थांबणं शक्य नव्हतं, म्हणून स्टोअरनं ओळखीच्या लेथवाल्याकडून ईएन-८ या मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाची डिस्क आणि सीट रिंग करून घेतली, पाण्यात विझवून कडक केलेली. मीटिंगमध्ये लेथवाल्यानं रॉकवेलच्या कडकपणा चाचणीचा कागद ठेवला होता : ५५ एचआरसी. आणि जुन्या स्टेलाइटचा? ४१. कागदावर सरळ दिसत होतं की नवा माल जुन्यापेक्षा चांगला आहे, शिवाय किंमत एक दशांश. त्या मीटिंगला मी नव्हतो. असतो तरी त्या कागदापुढे फार काही बोलता आलं असतं असं वाटत नाही.

ही ५५ ची डिस्क अकरा दिवसांत गेली.

मी पोचलो तेव्हा मामांनी ती वर्कबेंचवर कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून ठेवली होती. ड्रमलगतचा रूट व्हॉल्व्ह नीट बंद होत होता, त्यामुळे बॉयलर चालू ठेवूनच सीबीडी काढता आला होता. तेवढ्या तासांपुरतं खालचं ब्लोडाऊन जास्त वेळा मारून भागवलं होतं. डिस्कच्या बसत्या तोंडावर एका बाजूला सुतानं कापल्यासारखी खोल चर होती. आमच्याकडे याला वायर ड्रॉइंग म्हणतात. पण मला जास्त रस होता चरीच्या आजूबाजूच्या पृष्ठभागात. तो खरवडल्यासारखा नव्हता. गुळगुळीत होता, चमकत होता, आणि त्यावर नदीकाठच्या वाळूवर उठतात तशा बारीक लाटा होत्या. वाळूनं किंवा कचऱ्यानं घासलेला धातू असा दिसत नाही. धातू इथे नुसता झिजलेला नव्हता, काही प्रमाणात विरघळलेला होता.

मी कडकपणा पुन्हा मोजायला लावला. डिस्कच्या मागच्या, पाणी न लागलेल्या बाजूला ५० आला. विझवून कडक केलेलं कार्बन स्टील अडीचशे अंशांत दिवसच्या दिवस राहिलं की थोडं उतरतंच, म्हणून पाच अंक गेले. तरीही ही डिस्क स्टेलाइटपेक्षा नऊ अंकांनी कडकच होती. म्हणजे "गरम झाल्यावर मऊ पडली म्हणून गेली" हे उत्तर इथे बसत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण स्टेलाइटचं नाव निघालं की रेड हार्डनेसचं, म्हणजे तापल्यावरही टिकणाऱ्या कडकपणाचं, पुराण हटकून सुरू होतं. ते पुराण खोटं नाही. कार्बन स्टीलचा कडकपणा मार्टेन्साइटचा, झटकन थंड करून कोंडून ठेवलेला. उष्णता मिळाली की तो सुटतो. ५०० अंशांला ठेवलेली ईएन-८ ची डिस्क थंड करून मोजली तर तिशीच्या आसपास येईल. स्टेलाइटचा कडकपणा कोंडलेला नसतो. कोबाल्टच्या गाभ्यात क्रोमियमचे कार्बाइड कण विखुरलेले असतात, ते ओतकामातच तयार होतात आणि उष्णतेनं विरघळत नाहीत. साध्या तापमानाला ४०० विकर्सच्या (कडकपणाचं दुसरं माप) घरात असलेला स्टेलाइट ६ पाचशे अंशांवर तापलेला असतानाच ३०० च्या आसपास राहतो. मुख्य वाफेच्या व्हॉल्व्हवर हा फरक निर्णायक. आमच्या २५७ अंशांत मात्र तो दुय्यम होता.

मग ईएन-८ कशानं गेली? याचं निम्मं उत्तर बॉयलर हाउसमध्ये नव्हतंच, ते लॅबोरेटरीत होतं.

साखर कारखान्यात बॉयलरला जाणारं पाणी बहुतांशी रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट, म्हणजे तिथे वाफ थंड होऊन जमलेलं पाणी, असतं. त्या बॉडीतली एखादी नळी गळू लागली की रस कंडेन्सेटमध्ये उतरतो. म्हणून केमिस्ट दर तासाला अल्फा नॅफ्थॉलची चाचणी करतात. कंडेन्सेटच्या नमुन्यात अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकायचे, परीक्षानळीच्या कडेनं गंधकाम्ल सोडायचं, आणि दोहोंच्या सीमेवर जांभळं कडं दिसलं की साखर आहे. लॅबच्या वहीत त्या अकरा दिवसांपैकी तीन दिवस जांभळं कडं नोंदलेलं होतं. ड्रमच्या उष्णतेत साखर फुटून सेंद्रिय आम्लं होतात, पाण्याचा पीएच घसरतो, पाणी तपकिरी होतं. केमिस्टनी जे करायला हवं तेच केलं होतं : कंडेन्सेट वळवलं, कॉस्टिकचा डोस दिला आणि ब्लोडाऊन वाढवायला सांगितलं. म्हणजे पाणी सर्वांत वाईट असताना त्या डिस्कवरून सर्वांत जास्त पाणी गेलं.

गरम पाण्यातलं कार्बन स्टील स्वतःवर मॅग्नेटाइटचा काळा थर धरतं, आणि तोच त्याचं संरक्षण करतो. पाणी संथ असलं, पीएच दहाच्या आसपास राहिला, तर हा थर वर्षानुवर्षं टिकतो. पाणी जोरानं वळत, आपटत गेलं आणि पीएच पडला, की थर विरघळतो. खालचं पोलाद नवा थर तयार करतं, तोही जातो. दर वेळी पोलादाचा एक पापुद्रा खर्च होतो. ही प्रवाहजन्य झीज वाळूच्या दाण्यासारखी घासत नाही, त्यामुळे पोलाद मऊ आहे की विझवून कडक केलंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. तिला विचारायचं एकच : क्रोमियम किती? एक टक्क्याच्या आसपास असलं तरी ती कितीतरी मंदावते. ईएन-८ मध्ये क्रोमियम मुद्दाम घातलेलं नसतं. स्टेलाइट ६ मध्ये ते २८ टक्क्यांच्या आसपास असतं, उरलेल्यात मुख्यतः कोबाल्ट, चार ते सहा टक्के टंगस्टन आणि एक-सव्वा टक्का कार्बन.

ही झीज किती मुकी असते याचे दोन दाखले धातूवाल्यांच्या तोंडी कायम असतात. डिसेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सरी अणुवीज केंद्रात फीडवॉटर लाइनचा कार्बन स्टीलचा एल्बो फुटून चार माणसं गेली. ऑगस्ट २००४ मध्ये जपानच्या मिहामा केंद्रात पाच. मिहामाच्या पाइपची मूळ जाडी १० मिलिमीटर होती, फुटला तिथे ती दीड मिलिमीटरहूनही कमी उरली होती. दोन्हीकडे किरणोत्साराचा प्रश्न नव्हता. साधं गरम पाणी आणि साधं पोलाद.

उरलेलं निम्मं उत्तर थेंबांच्या मारात. मार्टेन्साइट कडक खरं, पण ठिसूळ. थेंब हजारो वेळा एकाच जागी आपटला की त्यात सूक्ष्म तडे जातात, कण उडतात. कोबाल्टचं वागणं निराळं आहे. शुद्ध कोबाल्टच्या अणूंची रचना सुमारे ४२० अंशांच्या खाली एक असते आणि वर दुसरी. स्टेलाइटमध्ये वरच्या तापमानाची रचना थंड झाल्यावरही बरीचशी तशीच अडकून राहते. त्यावर मार बसला की तेवढ्याच जागी ती बदलते, मार पचवते आणि तिथे आणखी कडक होते. म्हणजे ४१ हा आकडा मार बसण्यापूर्वीचा. स्टीम टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांच्या धारेवर स्टेलाइटच्या पट्ट्या जडवतात त्या याच थेंबांसाठी.

रॉकवेलचं यंत्र खोटं बोललं नव्हतं. हिऱ्याचं टोक थंड, कोरड्या धातूत किती रुततं एवढंच त्याला विचारलं होतं आणि त्यानं तेवढंच सांगितलं. व्हॉल्व्हमध्ये ना हिरा होता, ना कोरडेपणा.

आता दुरुस्ती. चीफ इंजिनिअर म्हणाले, "मग ईएन-८ च्याच डिस्कवर स्टेलाइट चढवून घेऊ, उद्या संध्याकाळपर्यंत लावू." मी आग्रहानं अडवायला हवं होतं. वेळेच्या दडपणाखाली मी हो म्हटलं, फक्त "आधी चांगलं तापवून घ्या" एवढं बजावलं. वर्कशॉपमध्ये ते 'चांगलं' हाताला चटका बसेल इतपत निघालं. वेल्डिंग सुंदर झालं होतं, थर एकसारखा. रात्री डिस्क बाकावर थंड होत असताना टण् असा आवाज आला, थोड्या वेळानं दुसरा. सकाळी डाय पेनेट्रंट, म्हणजे तड्यांत शिरून ते दाखवणारा लाल रंग, मारून पाहिलं : केंद्राकडून बाहेर जाणारे तीन लाल केस.

इथे दोन धातूंच्या अंगच्या गोष्टी आड येतात. स्टेलाइट तुटण्यापूर्वी जेमतेम एक टक्का ताणला जातो. गोठून आकसताना त्याला खालच्या धातूनं थोडी जागा द्यावी लागते. डब्ल्यूसीबी किंवा त्यासारखं कमी कार्बनचं पोलाद ती देतं, कारण २५० मेगापास्कलच्या आसपास ते वाकायला लागतं आणि तुटण्याआधी २२ टक्के किंवा जास्त ताणलं जातं. ईएन-८ मध्ये ०.४ टक्के कार्बन. वेल्डच्या काठाला भराभर थंड झालं की तिथेच मार्टेन्साइट होतं, आणि ते जागा देण्याऐवजी उलट अडून बसतं. त्यात स्टेलाइटची उष्णतावाहकता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, सुमारे १५ वॅट प्रति मीटर केल्विन. पोलादाची पन्नाशीच्या आसपास. थर वर तापलेला राहतो आणि खालचं पोलाद उष्णता ओढून घेतं. प्रसरणात मात्र दोघं जवळजवळ सोबत चालतात, म्हणून तर ही जोडी जमते. नंतर लेथवाल्यानं सगळा दोष स्टेलाइटच्या रॉडवर ढकलला. रॉडचा काही दोष नव्हता. दोष खालच्या पोलादाच्या निवडीचा होता आणि माझ्या अर्धवट सूचनेचा.

दुसऱ्या खेपेला मी तिथेच बसून राहिलो. कमी कार्बनच्या फोर्ज्ड पोलादाच्या नव्या दोन डिस्क आणि दोन रिंग घेतल्या. बसत्या तोंडाला चार मिलिमीटर रुंदीची खाच मारली, कोपरे गोल ठेवले. टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. गॅसनं सगळीकडून सारखं तापवून अडीचशे अंश, तेही तापमान दाखवणाऱ्या खडूनं तपासून. टिग वेल्डिंगनं पहिला थर. या थरात खालचं लोखंड वितळून मिसळतं आणि स्टेलाइट पातळ होतो, म्हणून करंट कमी ठेवायचा आणि दुसरा थर द्यायचाच. पाण्याशी गाठ पडायची ती या दुसऱ्या थराची. काही जुने वेल्डर हेच काम ॲसिटिलीन जास्त सोडून, मऊ ज्योतीनं करतात आणि त्यात लोखंड कमी मिसळतं. माझ्या मते छोट्या सीटसाठी ती पद्धत अजूनही सर्वांत चांगली आहे, पण तसा हात असलेली माणसं आता कमी आहेत.

सावकाश थंड करण्यासाठी व्हर्मिक्युलाइट हे उष्णता धरून ठेवणारं खनिज शोधायला कुणी शहरात जायला निघालं होतं. मामांनी त्याला थांबवलं. साखर कारखान्यात रस साफ करायला चुना लागतोच. कोरड्या चुन्याच्या भुकटीचं अर्धं पिंप तापवून ठेवलं आणि त्यात चारही भाग पुरले. दुसऱ्या दिवशी दुपारी काढले तेव्हाही ते हाताला कोमट लागत होते. लाल केस एकही नाही. मग कार्बाइडच्या टिपनं टर्निंग, लॅपिंग म्हणजे बारीक पूड लावून घासणं, आणि शेवटी निळा लावून बैठक तपासली. अखंड कडं उठलं. तयार थर दोन मिलिमीटरच्या थोडा वर राहिला. कडकपणा ३९.

पैशाचा हिशेब इथेच सांगून टाकतो, कारण स्टोअरला तोच प्रश्न होता. स्टेलाइटचा रॉड किलोला काही हजार रुपये पडतो आणि कोबाल्ट महाग हे खरं. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतं, तिथे काही झालं की भाव हलतात. पण एका तोंडाचं क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस मिलिमीटरच्या आसपास, थर तीन मिलिमीटर, घनता ८.४. एका जोडीला १८ ते २० ग्रॅम स्टेलाइट. त्यात कोबाल्ट सुमारे साठ टक्के, म्हणजे साधारण एक तोळा. खरा खर्च होता माणसांचा, टर्निंगचा आणि चुन्याच्या पिंपाशेजारी घालवलेल्या रात्रीचा.

एका संचालकांनी विचारलं, "एवढं चांगलं आहे तर अख्खा व्हॉल्व्हच त्याचा का नाही?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बॉडीचं काम दाब धरण्याचं, पाइपचा ताण सोसण्याचं, वेल्ड होण्याचं आणि फुटायचीच वेळ आली तर आधी फुगून दाखवण्याचं. स्टेलाइटची ताणशक्ती ८०० मेगापास्कलच्या पुढे, डब्ल्यूसीबीची ४८५ पासून सुरू होते. कागदावर इथेही तोच जिंकतो. पण जो धातू एक टक्क्यात तुटतो तो वॉटर हॅमरच्या, म्हणजे पाइपात अचानक अडलेल्या पाण्याच्या, एका दणक्यात बॉयलर हाउसमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येईल. बॉडी मऊच हवी. आणि काही ठिकाणी स्टेलाइट थरालाही चालत नाही. अणुभट्टीला थंड ठेवणाऱ्या द्रवात त्याचे झिजलेले कण गेले तर कोबाल्ट-५९ चं कोबाल्ट-६० होतं. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं आणि गॅमा किरण तीव्र. म्हणून कल्पाक्कमच्या जलद प्रजनक अणुभट्टीसाठी निकेलवर आधारित कोलमोनॉय निवडला गेला.

एलवूड हेन्सला यातलं काही ठाऊक नव्हतं. अमेरिकेत इंडियानातल्या कोकोमो गावच्या या माणसाला १९०७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची पेटंटं मिळाली. चकाकी जात नाही म्हणून लॅटिनमधल्या 'स्टेला' म्हणजे ताऱ्यावरून त्यानं स्टेलाइट हे नाव ठेवलं. आमच्या पाच हंगामांच्या जुन्या डिस्कनं टिकवलेली ती हीच चकाकी. जुनी डिस्क मी नंतर भिंगाखाली पाहिली. तिच्यावर झीज नगण्य होती. एकाच जागी आडवा ओरखडा होता आणि त्यात वेल्डिंगच्या स्लॅगचा काळा कण रुतलेला होता. बिगरहंगामात ड्रमच्या पाइपिंगचं काम झालं होतं, लाइन नीट फुंकून साफ केलेली नव्हती. ती डिस्क लॅप केली असती तरी भागलं असतं. सगळं प्रकरणच मग घडलं नसतं. मामांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, जुनी एकदा घासून बघू."

नवी जोडी डिसेंबरअखेर बसली आणि मार्चमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पास झाली नाही. जुनी डिस्क लॅप करून स्टोअरमध्ये स्पेअर म्हणून गेली.

बिगरहंगामात मी एकच काम मागितलं. सीबीडीनंतर दीड फुटावर पाइप काटकोनात वळतो, तिथे अल्ट्रासॉनिक गेज लावा. शेड्यूल ८० चा पंचवीस मिलिमीटरचा पाइप, मूळ जाडी साडेचार मिलिमीटर, साधं कार्बन स्टील. व्हॉल्व्हची सीट टिकू लागली तरी तिच्यातून सुटणारा झोत कुठेतरी आपटणारच होता. सरळ भागात गेजनं ४.१ दाखवले. एल्बोच्या बाहेरच्या वळणावर २.०.

तो एल्बो आणि पुढचा मीटरभर पाइप आता सव्वादोन टक्के क्रोमियमच्या पी-२२ चा बसवलाय. दर बिगरहंगामात त्याची जाडी मोजायची म्हणून मामांनी तिथल्या लॅगिंगला, म्हणजे पाइपवरच्या उष्णतारोधक वेष्टनाला, बिजागरीची पत्र्याची खिडकी करून घेतली आहे.